पातेले ओतून देण्याचा अधिकार

लहान उपाहारगृहातले अन्न सुरक्षित आहे की नाही, याचा निकाल भिंतीवर टांगलेल्या परवान्यावर लागत नाही. तो लागतो ऐन गर्दीच्या वेळी, दारात गिऱ्हाईक ताटकळत असताना, आत चुलीजवळ उभ्या असलेल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाच्या एका निर्णयावर. दुपारपासून बाहेर राहिलेला भात वाढायचा की ओतून द्यायचा? पोट बिघडले आहे, तर सांगायचे की तसेच कामाला लागायचे? गॅसचा वास येतो आहे, तर हातातली ऑर्डर आधी पुरी करायची की सगळ्यांना बाहेर काढायचे? या माणसाला आपण काय शिकवतो आणि शिकवल्याप्रमाणे वागायची मोकळीक त्याला देतो का, हा प्रश्न मला तंत्रापेक्षा नीतीचा वाटतो.

कतारमधल्या दोह्यातले अल मन्सूरा हे या प्रश्नाचे बोलके ठिकाण आहे. नजमा भागाला लागून असलेल्या या दाट वस्तीत डिसेंबर २०१९ पासून दोहा मेट्रोच्या ग्रीन लाइनचे टोकाचे स्थानक आहे. एकेका खोलीत अनेक जण मिळून राहणारे कामगार, लहान दुकाने आणि गल्लोगल्ली कॅफेटेरिया. करक चहा, परोठा, शवर्मा, बिर्याणी. चुलीपाशी केरळचा उस्ताद, काउंटरवर नेपाळी मुलगा, भांड्यांवर बांगलादेशी. खेड, चिपळूण, मंडणगड, श्रीवर्धन या भागांतून आखातात गेलेल्या आपल्या मुलांची वाटही अशाच स्वयंपाकघरांतून जाते. कोकणातल्या कितीतरी घरांवरची कौले जाऊन स्लॅब आली ती आखाती कमाईने. ती कमाई कोणत्या परिस्थितीत होते, याची चौकशी मात्र आपण फारशी करत नाही.

तिकडे कायदा नाही, असे कोणी समजू नये. मानवी अन्नाच्या नियंत्रणासाठी कतारमध्ये १९९० चा आठवा कायदा आहे. बलदियाचे, म्हणजे नगरपालिकेचे, निरीक्षक अचानक येतात, दोष सापडला तर दुकान काही काळ बंद करतात आणि तसे जाहीरही करतात. आपल्याकडेही अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा आहे आणि ऑगस्ट २०११ पासून तो अमलात आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये ‘फॉस्टॅक’ हा प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, अशी त्यामागची कल्पना. मोठ्या कारखान्यात ती चालून जाते. पाच माणसांच्या हॉटेलात तो एक प्रशिक्षित माणूस बहुधा मालक स्वतः असतो. प्रमाणपत्र गल्ल्यामागे लागते आणि कांदा चिरणाऱ्या मुलापर्यंत त्यातला एक शब्दही पोहोचत नाही.

मग यावर उपाय म्हणून ऑनलाइन प्रशिक्षण येते. त्याचा नेहमीचा साचा सगळ्यांना ठाऊक आहे. एकामागून एक सरकणारी पाने, पांढरे कोट घातलेली चित्रातली माणसे, इंग्रजी किंवा पुस्तकी हिंदी आणि शेवटी चार पर्यायांचे प्रश्न. हात किती सेकंद धुवावेत? शीतकपाटाचे तापमान किती असावे? बरोबर उत्तरावर टिचकी मारली की प्रमाणपत्र. ही टिचकी दुसऱ्याने मारली तरी यंत्राला कळत नाही. मुलाने स्वतः मारली तरी त्याच्या वागण्यात फरक पडत नाही, कारण हात धुवायचे असतात हे त्याला आधीपासून माहीत होते. त्याची अडचण माहितीची नव्हतीच. हात धुवायला गेले की मागून हाक येते, ही त्याची अडचण होती आणि तिचा त्या पानांत कुठे उल्लेखही नव्हता.

अशा प्रशिक्षणाला मी निरुपयोगी म्हणून सोडून देणार नाही, कारण ते घातक आहे. गिऱ्हाइकाला वाटते, इथली माणसे शिकलेली आहेत. मालकाला वाटते, आपले कर्तव्य झाले. आणि उद्या काही विपरीत घडले, तर तेच प्रमाणपत्र त्या मुलाच्या विरुद्ध उभे राहते: याला शिकवले होते, तरी याने चूक केली. ज्ञान देण्याच्या नावाखाली जबाबदारी खाली ढकलण्याची ही रीत अन्यायाची आहे.

धोका किती खरा आहे, हे सांगायला फार लांब जायला नको. मे २०२२ मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यात शवर्मा खाल्ल्यानंतर सोळा वर्षांची मुलगी दगावली. मे २०२४ मध्ये मुंबईत मानखुर्द परिसरात एकोणीस वर्षांचा तरुण तसाच गेला आणि विक्रेत्यांना अटक झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे दरवर्षी जगात ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात. धोका खाणाऱ्यापुरताच नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये दोह्यातल्या एका उपाहारगृहात गॅसच्या टाकीचा स्फोट होऊन ११ जणांचा बळी गेला. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या साकीनाक्याला फरसाणच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि आत झोपलेले १२ कामगार मेले.

अशा प्रत्येक घटनेनंतर आपण विचारतो, ‘नियम माहीत नव्हता का?’ खरे तर विचारायला हवे, ‘माहीत असलेला नियम त्या क्षणी कोणाला बोलून दाखवता आला असता का?’

हा प्रश्न विमानाच्या जगाने फार मोठी किंमत मोजून ओळखला. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. धावपट्टीवर दुसरे विमान अजून आहे की काय, अशी शंका त्यातल्या केएलएम कंपनीच्या विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती उडवून लावली. कॅप्टन नावाजलेला, वरिष्ठ. पुन्हा कोणी बोलले नाही. पुढे १९७९ मध्ये नासाने या विषयावर परिषद घेतली आणि १९८१ पासून अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सने विमानातल्या सगळ्या चमूला एकत्र शिकवायला सुरुवात केली. त्या शिकवणुकीत खरेखुरे प्रसंग घडवले जात. कनिष्ठाने शंका कशी स्पष्ट बोलावी आणि वरिष्ठाने ती कशी ऐकावी, या दोन्ही गोष्टींचा सराव होई. ज्ञान पुरेसे असूनही माणसे मरतात, कारण बोलायची हिंमत आणि ऐकायची सवय नसते, हे त्या क्षेत्राने मान्य केले. स्वयंपाकघराने ते अजून मान्य केलेले नाही.

प्रसंगातून शिकवणे ही परदेशातून आलेली नवलाई आहे, असे मात्र मराठी माणसाने म्हणू नये. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले ते नाटकाच्या रूपात. शेतकऱ्याला अज्ञानाचे तोटे व्याख्यानातून ऐकवण्याऐवजी त्यांनी त्याच्यासारखेच एक कुणबी जोडपे उभे केले. ते कसे फसते, कुठे घाबरते आणि कोणाच्या शब्दाला भुलते, ते दाखवले आणि शेवटी त्या जोडप्याला रात्रीच्या शाळेच्या वाटेला लावले. गाडगेबाबांच्या कीर्तनात उत्तरे आधी समोरच्या माणसांच्या तोंडून येत. बाबा प्रश्न विचारत जात आणि ऐकणारा स्वतःच्याच उत्तरात सापडत असे. शिकणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या आयुष्यात उभे करून विचार करायला लावणे, ही आपल्या प्रबोधनाची जुनी रीत आहे. मोबाइलच्या पडद्यावर तीच न्यायची आहे.

असा एक प्रसंग रचून पाहू. मन्सूरातले आठ टेबलांचे हॉटेल. गुरुवारची रात्र, दुसऱ्या दिवशी सुट्टी, म्हणून गर्दी. मंडणगडहून येऊन दोन महिने झालेला समीर आत मदतीला आहे. दुपारी एक वाजता शिजवलेला भात कोपऱ्यात पातेल्यात तसाच आहे. रात्रीचे नऊ वाजले आहेत. ताजा भात संपला.

उस्ताद म्हणतो, “ते पातेलं चढव. वाफ काढली की झालं.”

गल्ल्यावरून शेठची हाक येते, “सहा बिर्याणी पार्सल, पोरगा बाहेर गाडीवर थांबलाय!”

आता पडदा थांबतो आणि समीरच्या जागी तुम्ही असता. काय कराल? भात गरम करून द्याल? उस्तादाला म्हणाल, “उस्ताद, हा दुपारचा आहे, आठ तास झाले”? की सरळ शेठकडे जाल?

पहिला पर्याय निवडला, तर ‘चूक’ असा लाल शिक्का उमटू नये. गोष्ट पुढे जावी. सहा पार्सले जातात, शेठ खूश होतो, उस्ताद पाठीवर थाप मारतो आणि त्या रात्री कोणालाच काही होत नाही. हे प्रामाणिकपणे दाखवलेच पाहिजे, कारण खऱ्या आयुष्यात बहुतेक वेळा काहीच होत नाही आणि वाईट सवय त्यातूनच पक्की होते. पुढच्या गुरुवारी तसेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी एका घरातली दोन मुले तीन तासांत ओकाऱ्या काढू लागतात. मग पडदा कारण सांगतो. भातात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूची बीजे असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात उबदार राहिला की ती वाढतात आणि असे विष तयार करतात, जे पुन्हा उकळले तरी जात नाही. म्हणून ‘वाफ काढली की झालं’ हे म्हणणे खोटे आहे. भात गरम ठेवायचा तर ६० अंशांच्या वर, नाहीतर उथळ परातीत पसरून लवकर थंड करून शीतकपाटात ५ अंशांच्या खाली. ही माहिती आधी दिली असती, तर ती समीरच्या कानावरून गेली असती. निर्णय घेऊन झाल्यावर आलेली माहिती मनात रुजते.

दुसरा पर्याय निवडला, तर प्रशिक्षणाची खरी परीक्षा सुरू होते. उस्ताद चिडतो: “दोन महिने झाले नाहीत आणि मला शिकवतोस?” आता समीरने काय बोलावे? इथे त्याच्या तोंडी देता येईल असे वाक्य हवे, नम्र आणि ठाम: “उस्ताद, तुमच्या हाताखालीच शिकतोय. पण हा भात मी नाही भरणार. वीस मिनिटांत नवा लावतो, शेठला मी सांगतो.” हे वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव प्रशिक्षणात असावा. भीतीच्या क्षणी माणसाला नवे शब्द सुचत नाहीत, तोंडात बसलेलेच बाहेर येतात.

हे प्रसंग कार्यालयात बसून रचायचे नाहीत. अमेरिकेतल्या जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक साधी पद्धत मांडली. काम करणाऱ्यांना मते विचारू नका, घडलेले प्रसंग विचारा: काय घडले, कोणी काय केले, त्यातून काय झाले. मन्सूरातल्या दहा स्वयंपाक्यांना चहा पाजून ‘थोडक्यात निभावले’ असे प्रसंग विचारले, तर वर्षभर पुरेल एवढा अभ्यासक्रम हाती येईल. पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेले भट्टी साफ करायचे रसायन. पेटलेल्या तेलावर पाणी ओतायला धावलेला मुलगा. गॅसचा वास आल्यावर सवयीने पंख्याच्या बटणाकडे गेलेला हात. ‘यात काजू आहे का?’ या प्रश्नाला न विचारता दिलेले ‘नाही’ हे उत्तर.

भाषा बोलण्यातली हवी: मल्याळम, नेपाळी, बंगाली आणि सगळ्यांच्या तोंडी असलेली आखाती हिंदी. वाचता न येणाऱ्याला ऐकून कळावे, एका प्रसंगाला पाच मिनिटांहून जास्त लागू नयेत, जुन्या फोनवर आणि अडखळत्या नेटवर चालावे, एकदा उतरवून घेतले की नेटशिवायही दिसावे. ही सोय नव्हे, हा समोरच्या माणसाच्या परिस्थितीचा मान आहे.

दोन अटी मी याहून मोठ्या मानतो. पहिली, प्रशिक्षणाचा वेळ हा कामाचा वेळ धरला पाहिजे. कतारच्या २००४ च्या कामगार कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, रमझानमध्ये ३६ तासांची. दिवसभर उभे राहून खोलीवर परतलेल्या माणसाला ‘झोपण्याआधी एवढे तीन व्हिडिओ पाहा’ म्हणणे म्हणजे त्याची झोप चोरणे. दुसरी, प्रसंगात दिलेले चुकीचे उत्तर हे पगार कापायला किंवा घरी पाठवायला निमित्त होता कामा नये. कोणी कोणता पर्याय निवडला, याची यादी मालकाच्या हाती जाऊच नये. शिकताना चुकायची मुभा नसेल, तर माणूस शिकत नाही. मालकाला हवे ते उत्तर शोधतो.

आता मालकाकडे वळू, कारण सगळ्या वाटा शेवटी त्याच्यापाशी येतात. समीरला जुलाब होत आहेत. जुलाब थांबल्यावरही दोन दिवस त्याने अन्नाला हात लावू नये, हे प्रशिक्षण त्याला शिकवते. पण कतारच्या कायद्याप्रमाणे पगारी आजारपणाची रजा मिळते ती नोकरीला तीन महिने झाल्यावर. समीरला झाले आहेत दोन. २०२१ च्या मार्चपासून तिथले किमान वेतन महिना १००० रियाल आहे, राहणे आणि जेवण मालकाने दिले नाही तर अनुक्रमे ५०० आणि ३०० वेगळे. या हजारातून तो मंडणगडला पैसे पाठवतो, गावाहून निघण्याआधी काढलेले कर्ज फेडतो. त्याला खरे बोलायला सांगणाऱ्या प्रशिक्षणाने आधी उत्तर द्यावे: खरे बोलल्याचे त्याचे दोन दिवसांचे पैसे कोण देणार? २०२० मध्ये कतारने नोकरी बदलायला मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढून टाकली, हे स्वागतार्ह आहे. तरी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली मालकाची भीती एका कायद्याने निघत नाही. ती निघते मालकाच्या वागण्याने.

म्हणून माझी मागणी अशी आहे, की प्रत्येक प्रसंग मालकाने आधी सोडवावा, आणि त्याच्यासाठी त्याच प्रसंगाची दुसरी बाजू असावी. पार्सलवाला खोळंबला आहे, मुलगा येऊन म्हणतो की भात फेकावा लागेल. तुम्ही काय म्हणाल? शिव्या दिल्या, तर पुढच्या वेळी तो मुलगा गप्प बसतो आणि गोष्ट त्या आजारी मुलांपाशी येऊन थांबते. हे मालकाने पडद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. नोकराला शिकवून मालकाला मोकळे सोडणारे प्रशिक्षण म्हणजे घोड्याला लगाम घालून स्वाराला डोळे मिटायला सांगण्यासारखे आहे.

लहान धंद्याचे मालक म्हणतील, आम्हाला परवडत नाही. त्यांची ओढाताण खोटी नाही. भाडे वाढते, माणसे टिकत नाहीत, शिकवून तयार केलेला मुलगा शेजारच्या हॉटेलात जातो. पण भाताच्या एका पातेल्याची किंमत आणि बलदियाने दुकानाला लावलेल्या टाळ्याची किंमत मांडून पाहा. शिकलेला मुलगा शेजारी गेला, तर शेजारचे अन्न सुधारले, आणि उद्या तिथून कोणी शिकलेला तुमच्याकडे येईल. पाच-दहा हॉटेलांनी मिळून एक संच तयार केला, तर खर्च वाटला जातो. काही जण म्हणतील, ही साधी अक्कल आहे, शिकवायची काय? साधी अक्कल त्या उस्तादालाही आहे. वीस वर्षांत वाफ काढलेल्या भाताने त्याच्यासमोर कोणी आजारी पडले नाही, एवढ्याच अनुभवावर ती उभी आहे. आजारी पडणारा आपल्या घरी पडतो, चुलीपाशी येऊन सांगत नाही.

आणखी एक सांगायला हवे. प्रशिक्षण सर्व दोषांवरचे औषध नाही. साकीनाक्याच्या त्या दुकानात झोपलेल्या कामगारांना कितीही प्रसंग सोडवायला दिले असते, तरी बाहेर पडायची मोकळी वाट आणि झोपायला वेगळी जागा यांची उणीव त्यातून भरली नसती. शौचालयाजवळ साबण नाही, शीतकपाटाचे दार लागत नाही, दोघांचे काम एकाला आहे, तिथे प्रशिक्षण देणे ही पळवाट ठरते. म्हणून प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी एक प्रश्न असावा: ‘असे वागायला तुमच्या स्वयंपाकघरात काय कमी आहे?’ त्याची नावाशिवायची उत्तरे मालकासमोर ठेवावीत आणि त्यातली किमान एक गोष्ट त्या महिन्यात दुरुस्त व्हावी. जे प्रशिक्षण फक्त वरून खाली बोलते, ते अर्धेच आहे.

आपण मराठी माणसांनी इथे काय करावे? आखातात जाणाऱ्यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे प्रस्थानपूर्व प्रशिक्षण असते. त्यात हॉटेलकामाचे असे प्रसंग घालण्याची मागणी कोकणातल्या लोकप्रतिनिधींनी करावी. दोह्यातल्या मराठी मंडळींमध्ये संगणकाचे जाणकार आहेत, डॉक्टर आहेत, सुंदर आवाजाची हौशी नाट्यमंडळी आहेत. गणेशोत्सवात नाटक बसवणाऱ्या या माणसांनी वर्षातून सहा प्रसंग ध्वनिमुद्रित करून मन्सूरातल्या मुलांच्या हाती दिले, तर ते मोठे समाजकार्य ठरेल. आपण ज्यांच्या हातचे खातो, त्यांच्यात आणि आपल्यात पगाराची भिंत आहे. ती ओलांडायची ही एक वाट आहे. आणि जे दोह्याला लागू, तेच दादरच्या पोळीभाजी केंद्राला, पुण्यातल्या मेसला आणि कोल्हापूरच्या खानावळीला लागू आहे.

सुरुवात मात्र मालकापासूनच व्हावी, आणि तिला ना पैसा लागतो ना इंटरनेट. आपल्या माणसांना गोळा करावे आणि सर्वांसमोर सांगावे: खराब वाटलेले अन्न फेकले म्हणून कोणाचा पैसा कापला जाणार नाही, आजारी आहे असे सांगितले म्हणून कोणाचा रोज बुडणार नाही, गॅसचा वास आला म्हणून काम थांबवणाऱ्याला कोणी जाब विचारणार नाही. हे तीन शब्द देऊन पाळणाऱ्याच्या हॉटेलातच प्रशिक्षणाला अर्थ आहे. जो हे शब्द द्यायला तयार नाही, त्याने प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवावे.